दंतवैद्यकीय शिक्षण आणि इंग्रजीचा उंबरठा

आपल्या रुग्णालयाच्या दंतविभागात आंतरवासितेसाठी येणारे अनेक तरुण डॉक्टर मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकून आलेले असतात. त्यांच्या शिक्षणातील एका अडचणीकडे आम्ही हितचिंतकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बी.डी.एस.च्या प्रवेशासाठीची 'नीट' परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रवेशानंतर मात्र पाठ्यपुस्तके, व्याख्याने, उत्तरपत्रिका आणि तोंडी परीक्षा यांची भाषा इंग्रजीच असते. बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण होणे आणि शास्त्रीय इंग्रजी समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एक उदाहरण पाहू. थंड पाण्याने उठलेली कळ पाणी दूर होताच शमली, तर 'रिव्हर्सिबल पल्पायटिस' असे निदान होते; कीड काढून दात भरला की सहसा भागते. कळ बराच वेळ रेंगाळली अथवा दात आपोआप ठणकू लागला, तर ते 'इरिव्हर्सिबल' ठरते. मग बहुधा रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. इंग्रजीत फरक एका उपसर्गाचा, परंतु रुग्णाच्या दृष्टीने तो दात राहण्या-जाण्याचा असतो.

ही उणीव बुद्धीची नव्हे. दातांच्या दोन अंकी क्रमांकपद्धतीत '३६' म्हणजे खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची पहिली कायमची दाढ. तेथे भाषा आड येत नाही आणि हेच विद्यार्थी अडखळत नाहीत. तोंडी परीक्षेत मात्र ठाऊक असलेले उत्तर ओठांवर येत नाही. नापास झाल्यास शुल्काचा व वसतिगृहाचा भार पालकांवर पुन्हा पडतो.

याच्या जमेची बाजूही आहे. दात आंबणे, शिवशिवणे, सणक येणे, ठणकणे या शब्दांतील सूक्ष्म भेद या विद्यार्थ्यांना उपजतच कळतो. आणि निदानाचा आरंभ रुग्णाच्या शब्दांपासूनच होतो.

म्हणून आमच्या विभागात रुग्णाची तक्रार प्रथम त्याच्याच शब्दांत लिहून घेतली जाते व नंतर तिच्याशेजारी इंग्रजी संज्ञा नोंदविली जाते. या नोंदींतून एक द्विभाषिक शब्दसूची आकारास येत आहे. तिच्या छपाईस आपला हातभार लागावा, अशी नम्र विनंती आहे. इंग्रजीची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. तिच्यापायी कोणी गुणी विद्यार्थी मागे राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.