अळणीसोबत पांढरी वाईन

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहुणे हमखास थांबतात ते हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. तिची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. या गावाचा इटलीशी संबंध असा जुना. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी टिपणात तेरचं नाव ‘तगर’ आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईनही आहे, आणि त्यातही इटलीच्या वाईनला पहिली पसंती. नेवाशाच्या उत्खननात तर रोमन मद्यकुंभांची खापरंही निघाली. म्हणजे हा माल देशावर पोचत होता.

आता इटलीची वाईन गाडीवरून यायची गरज उरली नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी ‘फ्रातेल्ली’ उभी केली. नावाचा अर्थही भाऊच. वाईन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. त्यांच्या पांढऱ्या वाईनची शार्दने, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां ही द्राक्षं मात्र मूळची फ्रान्सची. तेव्हा तिला इटालियन म्हणायचं ते हातामुळे.

त्या हाताला इथे बरंच नवं शिकावं लागलं असणार. इटलीत वेल हिवाळ्यात झोपतो आणि काढणी उन्हाळा सरताना होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरला की गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारीपासून पुढे. उन्हात साखर भराभर चढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, आणि पांढऱ्या वाईनचा जीव तर आंबटपणातच. म्हणून घड वेळेत आणि गारव्यात तोडायचे, लगेच दाबून साली बाजूला काढायच्या आणि रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून सावकाश आंबवायचा. लाल वाईन सालीसकट आंबते, त्यामुळे तिथे चूक थोडी झाकली जाते. इथे नाही.

मासींच्या तोस्कानातच सान जिमिन्यानोची ‘वेर्नाच्चा’ होते. 1966 साली मूळस्थानाचा कायदेशीर शिक्का मिळालेली इटलीतली ही पहिली वाईन, आणि ती पांढरी. शेवटाला किंचित कडवट, बदामासारखी. तिथे ती मासे, कोवळं चीज, साधं सूप यांच्यासोबत घेतात. तिखट त्या ताटात जवळपास नसतंच.

धाराशिवच्या ताटात ते असतंच. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, त्यामुळे काळ्या मसाल्याची तर्री किंवा येसर आमटी पांढऱ्या वाईनला गिळून टाकते. उस्मानाबादी बोकडाचं मटण मात्र अळणी असताना, नुसत्या हळद-मिठात शिजलेलं असताना, थंड शार्दनेसोबत खाऊन बघावं. आंबटपणा चरबी कापतो आणि रश्श्याचा गोडवा वर येतो. हुरड्याला मी सोव्हिन्यों ब्लां लावेन, त्याचा हिरवट वास कोवळ्या ज्वारीशी जमतो. लसणाची चटणी तेवढी लांब ठेवा. आणि कुंथलगिरीचा पेढा कोरड्या वाईनसोबत खाऊच नये. वाईन नुसती आंबट लागते आणि पेढाही वाया जातो.