वाहन-तपासणीतील मल्टिमीटरची अचूकता

मल्टिमीटर हे विद्युतदाब, विद्युतप्रवाह आणि विद्युतरोध मोजणारे उपकरण आहे. मुंबईतील अंधेरी-कुर्ला मार्गावरील साकीनाका परिसरातल्या छोट्या गॅरेजांपासून वाहन कंपन्यांच्या सेवाकेंद्रांपर्यंत ते वापरले जाते. त्याच्या पडद्यावरील आकड्याला त्रुटीची मर्यादा असते. ती लक्षात न घेतल्यास चांगला भाग बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

त्रुटीची गणना

डिजिटल मल्टिमीटरची त्रुटी वाचनाची टक्केवारी आणि शेवटच्या स्थानावरील ठरावीक अंक यांच्या बेरजेने सांगतात. ±(०.५% + २ अंक) अशी अचूकता असलेल्या मीटरवर बॅटरीचा दाब १२.६० व्होल्ट दिसला, तर खरा दाब सुमारे १२.५२ ते १२.६८ व्होल्ट असू शकतो. बॅटरीच्या तपासणीस एवढी अचूकता पुरेशी ठरते.

कमी रोधाच्या मापनात मात्र त्रुटीचे प्रमाण वाढते. अनेक इग्निशन कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध ०.४ ते २ ओहम असतो. २०० ओहमच्या पल्ल्यात ०.१ ओहमपर्यंत वाचन देणाऱ्या मीटरची त्रुटी ±(०.८% + ५ अंक) असल्यास ०.८ ओहम या वाचनामागील खरे मूल्य सुमारे ०.३ ते १.३ ओहम असू शकते. मीटरच्या तारांचा रोधही वाचनात मिसळतो. म्हणून तारांची टोके एकमेकांना टेकवून मिळालेले वाचन वजा करतात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढत असल्याने ५० अंशांनी तापलेले वेटोळे सुमारे २० टक्के अधिक रोध दाखवते.

भारासह तपासणी

स्टार्टरच्या तारेत ०.०१ ओहमचा दोष असल्यास साधा मीटर तो दाखवू शकत नाही. मात्र १५० अँपिअर प्रवाह वाहत असताना त्याच तारेत १.५ व्होल्ट दाब खर्च होतो आणि तो सहज मोजता येतो. म्हणून अशा तारांची तपासणी भार चालू ठेवून, दोन टोकांमधील दाबातील घट मोजून करतात. बहुतेक तुटलेल्या तारेचा एकच धागा शाबूत असला तरी सलगता तपासणारी घंटी वाजते.

इतर मर्यादा

सामान्य मीटरचा आकडा सेकंदाला काही वेळाच बदलतो. त्यामुळे संवेदकांचे क्षणिक स्पंद पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. बहुतेक मीटरचा प्रवाहपल्ला १० अँपिअरपर्यंतच असल्याने स्टार्टरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजतात.

अंशशोधन

काळानुसार मीटरची अचूकता ढळू शकते. ज्ञात मानकाशी तुलना करून ती तपासण्यास अंशशोधन म्हणजेच कॅलिब्रेशन म्हणतात. मुंबईत शीव-चुनाभट्टी येथील ‘इडेमी’ या केंद्र सरकारच्या संस्थेत विद्युत मापन उपकरणांचे अंशशोधन केले जाते.