पहिल्या छपाईच्या खुणा

घरातील जुन्या पुस्तकांची आवराआवर निघाली, की काही पुस्तके फडताळात परत जातात आणि काही रद्दीवाल्याच्या तागडीत पडतात. हा निवाडा बहुधा बांधणी पाहूनच होतो. ग्रंथसंग्राहकाची दृष्टी मात्र निराळी असते. गाजलेल्या कादंबरीची जुनी प्रत हाती आली, की तिच्या सुस्थितीबरोबरच तो तिचे जन्मटिपणही तपासू लागतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकदा जुळविलेल्या मजकुरावरून अनेकदा छपाई होऊ शकते. संग्राहकाला हवी असते ती पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई. त्यामुळे नामपृष्ठामागील पानावर ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दिसले, तरी तेवढ्याने काम भागत नाही. अलीकडच्या अनेक इंग्रजी पुस्तकांत त्या पानावर अंकांची एक ओळ असते. तीत १ हा अंक असेल, तर सामान्यतः छपाई पहिली समजावी. सर्वांत लहान अंक ३ असेल, तर तिसरी.

जुन्या पुस्तकांत ही सोय नाही. तेथे मुद्रणदोषच साक्षीला येतात! स्कॉट फिट्झेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर संस्थेने १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या छपाईत २०५ व्या पानावर ‘सिकँटायर्ड’ऐवजी ‘सिक इन टायर्ड’ असे पडले आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या छपाईत ही चूक दुरुस्त झाली.

तरीही एका खुणेवर विसंबू नये. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील पहिले पुस्तक १९९७ साली लंडनमध्ये निघाले, तेव्हा पुठ्ठा-बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. तिच्या ५३ व्या पानावरील शालेय साहित्याच्या यादीत जादूची कांडी दोनदा आली आहे. पण कागदी बांधणीच्या प्रतींतही तोच दोष आढळतो. म्हणून प्रकाशक, वर्ष, अंकांची ओळ, बांधणी आणि दोष ही सारी एकमेकांशी जुळली पाहिजेत. वेष्टनाचीही निराळी पारख हवी. कारण मूळ वेष्टनाची हुबेहूब नक्कल किंवा दुसऱ्याच प्रतीवरचे वेष्टन चढविलेले असू शकते.

हा सारा खटाटोप केवळ किमतीसाठी आहे काय? जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ पाहा. २१ सप्टेंबर १९३७ रोजी निघालेल्या पहिल्या छपाईच्या १,५०० प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या. त्या प्रतींत गॉलम हा प्राणी कोड्यांच्या पैजेचे बक्षीस म्हणून अंगठी राजीखुशीने देऊ करतो. पुढील कथेशी हे जुळेना, म्हणून लेखकाने ते प्रकरण बदलले आणि १९५१ च्या आवृत्तीपासून गॉलम अंगठीसाठी आकांत करू लागला. पहिल्या वाचकांनी वाचलेली मूळ कथा जुन्या प्रतींनीच जपून ठेवली. लेखकाचा हात कोठे फिरला, हे अशा प्रतींवाचून कसे उमगणार?

आपल्या घरच्या मराठी पुस्तकांसाठीही थोडे सावध असावे. आपल्याकडे साध्या पुनर्मुद्रणालाही पुष्कळदा ‘आवृत्ती’ म्हणतात. म्हणून नामपृष्ठामागील आवृत्त्यांची यादी आणि तीतील शेवटची नोंद अवश्य वाचावी. केवळ शकाचे वर्ष दिलेले असेल, तर त्यात ७८ मिळविले असता इसवी सन सामान्यतः मिळतो. वर्षअखेरच्या काही महिन्यांपुरते ७९ मिळवावे लागतात. जुने वेष्टन फाटके असले, तरी टाकू नये. सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एक पान तेवढे उलटून पाहावे.