डोक्यावरचं आवाळू आणि बांधाची खांड

रेवदंडा-मुरुडकडच्या बाया मच्छीची पाटी डोईवर घेण्याआधी चुंबळ नीट बसली का ते हाताने चाचपून बघतात. डोक्यावरचं आवाळू बऱ्याचदा असंच हाताला लागतं, नाहीतर विंचरताना फणीला अडतं. ते दुखत नाही, म्हणून कुणी फारशी दखल घेत नाही. घरात विचारलं तर उत्तर तयार असतं, 'आईलाही होतं की!'

हे उत्तर शास्त्रालाही पटणारं आहे. ही गाठ अनेकदा आईबापांकडून मुलांत येते आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसते. २०१९ मध्ये तिचा संबंध पीएलसीडी-१ या जनुकाशी जोडला गेला. लोक तिला चरबीची गाठ म्हणतात, काही डॉक्टर 'सीबेशियस सिस्ट' म्हणतात. दोन्ही नावं चुकीची. आत ना चरबी असते ना तैलग्रंथीचा स्राव. केसाच्या मुळाभोवती जे बाहेरचं वेष्टण असतं, त्याच्या पेशींची ही पिशवी. तिच्यात केराटिन साठतं, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात तेच. अशा दहांतल्या नऊ गाठी डोक्यावरच होतात.

क्वचित एखादी पिशवी वाढायला लागते. तिच्या भिंतीतल्या पेशी आतल्या बाजूला थरावर थर चढवत जातात. बहुतेक वेळा बाई साठीच्या आसपासची किंवा पुढची असते, गाठ वर्षानुवर्षांची. लंडनच्या विल्सन जोन्स यांनी १९६६ मध्ये या गाठींचं वर्णन केलं, ते मुख्यतः एका घोटाळ्यामुळे: सूक्ष्मदर्शकाखाली त्या कर्करोगासारख्या दिसतात, पण बहुतेक रुग्णांत तशा वागत नाहीत.

मग ओळखायचं कसं? आतल्या गर्दीपेक्षा कडेकडे बघून. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातल्या माणसाला हे चटकन कळेल. उधाणाचं पाणी कितीही चढो, बांध शाबूत तोवर भात वाचतं. खेकड्याच्या बिळातून खांड गेली की खारं पाणी शेतात. गाठीचंही तसंच. कड गुळगुळीत, आजूबाजूला नुसती रेटणारी असली तर ती काढली की बहुधा प्रश्न मिटतो. कड फोडून पेशी शेजारच्या मांसात शिरल्या असतील तर गाठ त्याच जागी परत येऊ शकते. त्यात पेशींची रूपंही पार बिघडलेली असतील तर मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत मजल जाऊ शकते. २००४ मध्ये ७६ गाठी तपासून अशाच तीन पायऱ्या मांडल्या गेल्या. असा कर्करोग अगदी दुर्मीळ, हे खरं. पण तो होतो.

म्हणून माझा राग आहे तो गाठ काढून ती टोपलीत टाकण्यावर. लहानसं ऑपरेशन, जागा बधिर करून अर्ध्या तासाचं काम. गाठ अख्खी निघते आणि कचऱ्यात जाते. ती फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायला हवी. तीही शक्यतो अख्खी, कारण मधलाच एक तुकडा पाठवला तर कड दिसतच नाही आणि अहवाल दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. बिब्बा लावणं किंवा सुईने फोडणं तर नकोच. त्यातून जखम होते, चिघळते आणि गाठीचं मूळ रूप ओळखणंही अवघड होतं.

जुनं आवाळू काही महिन्यांत भराभर वाढलं, पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलं, त्यावरची कातडी फाटून रक्त येऊ लागलं किंवा मानेत गाठी लागल्या, तर वाट बघू नये. अशा वेळी आजूबाजूची निरोगी कातडीही थोडी घेऊन गाठ काढतात. कर्करोगच निघाला, तर टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे. श्रीवर्धनहून तो दिवसभराचा प्रवास होतो, ही गोष्ट वेगळी.

अहवाल आला की डॉक्टर आधी एकच ओळ शोधतात, मार्जिन फ्री आहे की नाही, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी पोचलेल्या नाहीत ना. असलं तरी पुढच्या भेटींत ते टाक्यांच्या जागेवरून आणि मानेवरून बोटं फिरवून बघतात.