कंत्राटदाराची खासगी माहिती

ठरावीक कामापुरता करार करणारा कंत्राटदार कंपनीचा नोकर नसतो. तरी त्याचें नांव, पत्ता, बँकेंतील खात्याचा क्रमांक तिच्या दप्तरीं जातो. न दिल्यास मोबदला पोंचावा कसा? पण दप्तरीं गेलेल्या माहितीवर सत्ता कोणाची?

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याचा यासंबंधींचा कायदा २०२० सालीं अंमलांत आला. त्यांतील बहुतेक हक्क मात्र आरंभीं गिऱ्हाइकांसच होते. १ जानेवारी २०२३ पासून ते नोकर व कंत्राटदार यांसही मिळाले. आपली माहिती पाहावयास मागावी, चूक दुरुस्त करवून घ्यावी, नको ती पुसावयास सांगावें; मोठ्या कंपनीनें ४५ दिवसांत, फार तर आणखी ४५ दिवसांत, उत्तर द्यावें. कायद्यानें जपून ठेवावयाचे कागद पुसले जात नाहींत, आणि आम्हांस हें रास्त वाटतें. पुढचें काम जाईल या धास्तीनें गरजू मनुष्य हक्क मागणारच नाहीं. म्हणून अशा मागणीबद्दल सूड उगवण्यासही त्या कायद्यानें मनाई केली आहे.