दाद उशिरा आली

1960 च्या दशकात अमेरिकेतली पोरं घरच्या मोटार ठेवायच्या जागेत गिटार आणि ड्रम घेऊन जमत. तालीम थोडी, उत्साह फार. त्या ओबडधोबड, दणदणीत वादनाला पुढे ‘गॅरेज रॉक’ हे नाव पडलं. त्यातला माझ्या आवडीचा बँड मात्र लष्करी छावणीत जमला. त्याचं नाव ‘द मंक्स’, म्हणजे मठवासी.

जर्मनीतल्या गेल्नहाउझेन इथे अमेरिकी फौजेत असलेले पाच तरुण 1964 मध्ये एकत्र आले. गॅरी बर्गर गायचा आणि गिटार वाजवायचा. सोबत लॅरी क्लार्क, डेव्ह डे, एडी शॉ आणि रॉजर जॉन्स्टन. फौजेतली मुदत संपल्यावर ते तिथेच राहिले, क्लबांतून लोकप्रिय गाणी वाजवू लागले.

एकदा तालमीत बर्गर गिटार चालूच ठेवून बाहेर गेला. ती अ‍ॅम्प्लिफायरसमोर राहिली आणि किंचाळू लागली. दुसऱ्या कुणी ती आधी बंद केली असती. जॉन्स्टनने त्या आवाजावर ड्रमचा ठेका धरला! त्यांना आपली वाट सापडली. वाल्टर नीमान आणि कार्ल रेमी या जर्मन व्यवस्थापकांनी मग सारंच बदलून टाकलं. अंगात काळे कपडे, टाळूवर वस्तऱ्याने काढलेलं चक्र, गळ्यात टायऐवजी दोरीचा फास. गिटारच्या जागी डेने बँजो घेतला. सुरावट जवळजवळ गेली, प्रत्येक वाद्य ठेक्यासाठी राबू लागलं. कवितेतली विशेषणं खोडताना हात किती जड होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून या मंडळींचं धाडस मला मोठं वाटतं.

1966 मध्ये ‘ब्लॅक मंक टाइम’ ही त्यांची तबकडी आली. तिच्या पहिल्याच गाण्यात ते व्हिएतनाममधल्या हत्येचा जाब विचारतात. कालपर्यंत त्याच फौजेचा गणवेश घातलेली ही पोरं! तबकडी खपली नाही. अमेरिकेत तर ती तेव्हा निघालीच नाही. 1967 मध्ये बँड मोडला, पाची जण पांगले.

माझ्या पहिल्या संग्रहाचे गठ्ठे अनेक वर्षं खाटेखाली होते. मुशायऱ्यात दाद तिथल्या तिथे मिळते. छापलेल्या शब्दाला वाट पाहावी लागते. मंक्सनी तीस वर्षांहून अधिक वाट पाहिली. तबकडी हातोहात फिरत राहिली, 1990 च्या दशकात नव्याने निघाली, आणि 1999 मध्ये न्यूयॉर्कला पाची जण पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. मंक्स म्हणून मायदेशी त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम.

जॉन्स्टन 2004 मध्ये गेला, डे 2008 मध्ये. मिनेसोटातल्या टर्टल रिव्हर या चिमुकल्या गावचा नगराध्यक्ष झालेला बर्गर 2014 मध्ये गेला. निदान दाद कानांवर पडल्यावर गेले. सगळ्यांच्याच नशिबी ते नसतं. तेव्हा मित्रहो, एखादा बेसूर वाटणारा आवाज कानी आला, तर खिडकी लावण्याआधी क्षणभर थांबा. कदाचित त्यात ठेका असेल.