‘आकांक्षित’ वाशीम

केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठी जो कार्यक्रम आखला, त्यात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व वाशीम हे चार जिल्हे आले. ‘मागास’ हा शब्द टाळून त्यांना इंग्रजीत ‘अ‍ॅस्पिरेशनल’ म्हटले गेले. मराठी कागदपत्रांत त्याचे ‘आकांक्षित’ झाले.

या शब्दाचे कूळ पाहण्याजोगे आहे. लॅटिनमधील ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे, फुंकणे. त्याला ‘कडे’ या अर्थाचा ‘आद्’ हा उपसर्ग लागून ‘आस्पिरारे’ झाले. एखाद्या गोष्टीची आस धरणे हा त्याचा एक अर्थ. वाऱ्याने अनुकूल वाहणे व त्यावरून कोणावर कृपा करणे, हा दुसरा. याच धातूपासून एकत्र श्वास घेणाऱ्यांचा कट, म्हणजे ‘कॉन्स्पिरसी’, निघाला. ख, घ, भ यांना इंग्रजी वैयाकरण ‘अ‍ॅस्पिरेट’ म्हणतात तेही त्यातूनच. आपण त्यांना महाप्राण म्हणतो. दोन्हीकडे मूळ कल्पना श्वासाचीच!

मराठी रूपात मात्र घोटाळा आहे. आकांक्षा धरतो तो ‘आकांक्षी’. जिची आकांक्षा धरली जाते ती वस्तू ‘आकांक्षित’. इच्छुक आणि इच्छित यांतला हा भेद शाळेतला विद्यार्थीही सांगेल. बदलीच्या अर्जांत वाशीम कोणाला ‘आकांक्षित’ असल्याचे तर ऐकिवात नाही.

पण व्याकरणाहून अर्थकारणाचा प्रश्न मोठा. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्या अहवालानंतर विदर्भात ‘अनुशेष’ हा शब्द रूढ झाला. सिंचन, रस्ते, शिक्षण अशा बाबींत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका कमी, तितके भरून काढण्यास लागणारी रक्कम म्हणजे अनुशेष. साऱ्या राज्याचा मिळून तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. अनुशेष ही बाकी आहे, आणि बाकी म्हटली की ऋणको आला, हिशेब आला. आकांक्षेला ऋणको नसतो.

नव्या कार्यक्रमाने ४९ निर्देशक ठरवले व सुधारणेच्या वेगानुसार जिल्ह्यांची क्रमवारी लावली. अशी मोजणी उपयुक्तच आहे. तथापि, क्रमवारीत वर चढलेल्या जिल्ह्यातही किती शेतीला पाणी पोहोचायचे राहिले, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. शासनाने ‘आकांक्षित’चे ‘आकांक्षी’ अवश्य करावे. मात्र त्या क्रमांकाशेजारी उरलेल्या अनुशेषाचा आकडाही दरवर्षी छापावा.